अर्ज कीं याचना?

गेल्या दिवाळींत एका वडीलधाऱ्या आप्तांच्या घरीं फराळास मंडळी जमली होती. त्यांत आमची भाचीहि होती. मुखाच्या कर्करोगावर सहा वर्षें काम करून तिनें नुकतीच पीएच. डी. मिळविली आहे, हें समजतांच प्रथम सर्वांनीं तिचें कौतुक केलें, आणि कौतुकानंतर आपल्याकडे जो प्रश्न ठरलेला असतो तो, म्हणजे "मग आतां पुढें काय?" हाहि लगेच विचारला. ती म्हणाली, "पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठीं तीन ठिकाणीं अर्ज करतें आहें, काका." आमचे ते आप्त एका मोठ्या कचेरींतून निवृत्त झालेले, स्वभावानें अत्यंत प्रेमळ असे गृहस्थ आहेत. ते हंसून म्हणाले, "अग, एवढें शिकूनहि अजून हात पसरायचाच का? खऱ्या विद्वानाला लोक आपण होऊन बोलावून नेतात." मंडळी हंसली. भाचीहि हंसली. आम्ही मात्र गप्प राहिलों, आणि त्या गप्प राहण्याचें आम्हांस पुढें फार वाईट वाटलें. कारण त्या एका वाक्यांत आपल्या सुशिक्षित वर्गाची एक जुनी, प्रतिष्ठित आणि सर्वस्वी खोटी समजूत सांठविलेली होती. ती समजूत अशी, कीं अर्ज करणें म्हणजे याचना करणें, आणि याचना विद्वानास शोभत नाहीं. त्या दिवशीं जें बोलावयाचें राहिलें तें आज येथें लिहीत आहों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पीएच. डी. ही पदवी संशोधनाचा शेवट नव्हे. रंधा मारतां येणें आणि स्वतःच्या अंदाजानें वाडा उभा करणें यांत जेवढें अंतर आहे तेवढेंच पदवीधर संशोधक आणि स्वतंत्र संशोधक यांत असतें. तें अंतर तोडण्यासाठीं पदवीनंतर कांहीं वर्षें दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेंत काढावीं लागतात. तेथें पोहोंचण्याच्या वाटा दोन. पहिली अशी, कीं त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखास मिळालेल्या अनुदानांतून आपला पगार घ्यावयाचा. ही वाट सोपी, पण तींत पैसा ज्याचा प्रश्नहि त्याचाच. प्रमुख सांगेल तें काम करावयाचें आणि त्याचें अनुदान संपलें कीं आपलें बिऱ्हाड उचलावयाचें. दुसरी वाट फेलोशिपची, म्हणजे संशोधनवृत्तीची. हींत एखादी सरकारी वा खासगी संस्था पैसा देते तो प्रमुखास नव्हे, तर त्या तरुण संशोधकाच्या नांवानें व त्यानें मांडलेल्या प्रश्नासाठीं. स्वतःची वृत्ति घेऊन प्रयोगशाळेंत येणारा मनुष्य तेथें आश्रित म्हणून येत नाहीं. तो आपला प्रश्न बरोबर घेऊन येतो. ज्या कागदानें हें स्वातंत्र्य मिळतें त्या कागदाला आपण हात पसरणें म्हणतों, हें किती विलक्षण आहे!

त्या कागदांत असतें तरी काय? युरोपीय आयोगाची मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नांवाची फेलोशिप उदाहरणादाखल घेऊं. तिच्या २०२४ च्या फेरीच्या नियमांप्रमाणें अर्जदारानें आपला मुख्य मजकूर दहा पानांत मांडावयाचा होता, आणि परीक्षकांनीं गुण तीन अंगांना वांटून द्यावयाचे होते : विषयाच्या व मांडणीच्या उत्कृष्टतेस शेंकडा ५०, कामापासून पुढें काय निष्पन्न होईल यास ३०, आणि तें पार पाडण्याच्या योजनेस २०. आतां आमच्या भाचीचाच विषय घ्या. तंबाखू चघळणाऱ्यांना गाल व हिरडी यांच्यामध्यें जो कर्करोग होतो तो आपल्या देशांत फार आढळतो. शस्त्रक्रिया होते, किरणांचा उपचार होतो, गांठ नाहींशी होते. आणि तरीहि कित्येक रोग्यांत ती कांहीं काळानें पुन्हा उद्भवते. ती कां उद्भवते? उपचाराला न जुमानणाऱ्या पेशी गांठींत पहिल्यापासूनच होत्या व त्या तेवढ्या मागें उरल्या, कीं उपचाराच्या आघातानेंच साध्या पेशींनीं आपला स्वभाव पालटला? ही दोन उत्तरें परस्परांहून भिन्न आहेत आणि दोहोंवरून निघणारे इलाजहि भिन्न आहेत. अर्जदारानें असा प्रश्न नेमका मांडावयाचा, दोन उत्तरांतून एक निवडतां येईल असा प्रयोग सुचवावयाचा, आणि तो फसला तर पुढें काय करणार हेंहि सांगावयाचें. रोग्याची गांठ उंदरांत रुजवून पाहावी म्हटलें तर ती वाढण्यास महिनेच्या महिने लागतात आणि पुष्कळदां ती रुजतच नाहीं. ज्या अर्जांत या अपयशाची आगाऊ तजवीज नाहीं तो अर्ज अनुभवी परीक्षक बाजूस ठेवतो.

आमच्या जुन्या शास्त्रकारांना हा प्रकार मुळींच परका वाटला नसता. न्यायशास्त्रानें अनुमानाचे जे पांच अवयव सांगितले आहेत त्यांतील पहिला अवयव प्रतिज्ञा हा होय : काय सिद्ध करावयाचें आहे तें आरंभींच उघड सांगणें. शिवाय स्वमत मांडण्यापूर्वीं पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें, शक्य तितकें बलवान करून मांडावें अशी आपल्या भाष्यकारांची रीतच होती. फेलोशिपचा चांगला अर्ज म्हणजे प्रतिज्ञा आणि पूर्वपक्ष हींच होत. निगमन तेवढें प्रयोगाच्या स्वाधीन ठेवलेलें असतें. याला याचना म्हणावयाचें तर सभेंत उभे राहून आपला पक्ष मांडणारा प्रत्येक पंडित याचकच म्हटला पाहिजे.

"पण पैसा तर मागावाच लागतो ना?" असें कोणी म्हणेल. मागावा लागतो खरा. परंतु तो कोणाचा व कशासाठीं ठेवलेला हेंहि पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील डेमन रन्यन या लेखकाला घशाच्या कर्करोगानें १९४६ सालीं मृत्यु आला, तेव्हां त्यांचे मित्र वॉल्टर विंचेल यांनीं रेडिओवरून श्रोत्यांना मदतीची हांक दिली आणि लोकांनीं पाठविलेल्या लहानमोठ्या रकमांतून एक निधि उभा राहिला. कर्करोगावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना आज ज्या फेलोशिप फार मानाच्या वाटतात त्यांत त्या निधीची फेलोशिप येते. पण इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं ल्यूकेमियानें, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानें, वारल्या. त्यांचे पति सर दोराबजी यांनीं १९३२ सालीं, स्वतःच्या मृत्यूच्या थोडेंच अगोदर, त्यांच्या स्मरणार्थ एक निधि स्थापिला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग ल्यूकेमियावर काम करणाऱ्यांस, ते कोणत्या देशाचे हें न पाहतां, मिळावा अशी व्यवस्था केली. तेव्हांपासून परदेशचे मोठमोठे शास्त्रज्ञ मुंबईकराच्या या निधीकडे अर्ज करीत आले आहेत. ते आपल्या दारीं हात पसरून आले असें त्यांनाहि कधीं वाटलें नाहीं आणि आपणांसहि नाहीं. मग आपली मुलगी त्यांच्या दारीं गेली कीं तेवढी ती याचक कशी होते? हे निधि शोकांतून जन्मलेले आहेत. ज्याचें माणूस गेलें त्यानें दुसऱ्याचें माणूस वांचावें म्हणून ठेवलेली ती ठेव आहे. ती ठेव वापरण्यास आपण पात्र आहों हें पुराव्यानिशीं दाखविणें यांत लाज कसली?

आतां आमच्या आप्तांच्या वाक्याचा उत्तरार्ध पाहूं. खऱ्या विद्वानाला लोक बोलावून नेतात, हा तो मुद्दा. या पक्षाची मंडळी ओटो वॉरबुर्ग यांची एक आख्यायिका मोठ्या आवडीनें सांगतात. कर्करोगाच्या पेशी साखरेचा वापर निरोगी पेशींहून निराळ्या रीतीनें करतात हें दाखविणारे हे जर्मन शास्त्रज्ञ. त्यांना १९३१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं एकदां अनुदानासाठीं जो अर्ज केला त्यांत म्हणे एकच वाक्य होतें : मला दहा हजार मार्क पाहिजेत. आणि तो अर्ज जसाच्या तसा मंजूर झाला! गोष्ट खरी असो वा नसो, ती ऐकून श्रोते वाहवा करतात आणि आजच्या दहा पानांची थट्टा करतात. आम्हांला मात्र या गोष्टीचें तात्पर्य अगदीं उलट दिसतें. ओटो वॉरबुर्ग यांचे वडील एमिल वॉरबुर्ग हे बर्लिनचे नामांकित पदार्थविज्ञानवेत्ते होते. ज्या मंडळींत त्या काळचें जर्मन विज्ञान घडत होतें त्या मंडळींतच मुलगा वाढला. ज्याला सगळे ओळखतात त्याला एक वाक्य पुरतें. ज्याला कोणीच ओळखत नाहीं त्यानें काय करावें? लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या मुलीनें एका वाक्याचा अर्ज केला तर तो कोण वाचील? तिला दहा पानें पाहिजेत. तीं दहा पानें तिच्यावर लादलेला जुलूम नसून तो तिचा हक्क आहे. "आपण होऊन बोलावून नेण्याची" पद्धति ही नेहमीं ओळखीच्यांना बोलावून नेण्याची पद्धति असते, आणि तिचा लाभ कोणत्या घरांना होतो हें सांगावयास ज्योतिषी नको. अर्जाचा तिरस्कार हा वरवर स्वाभिमान दिसतो, पण खालीं तो वशिल्याचा कैवार असतो.

हें केवळ तर्कानें म्हणतों असें नव्हे. पुण्याच्या समर्थांच्या घरांत १९१७ सालीं जन्मलेल्या कमल रणदिवे यांचें चरित्र पाहा. वडील फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीनें वैद्यकीचा अभ्यास करावा अशी त्यांची इच्छा. मुलीनें वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास धरला. लग्नानंतर त्या मुंबईस आल्या, टाटा मेमोरियल इस्पितळांत कामास लागल्या, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पीएच. डी. झाल्या. पुढें खानोलकरांनीं काय केलें? "आतां येथेंच राहा, माझें काम कोण करील?" असें ते म्हणाले नाहींत. अमेरिकेंतील फेलोशिपसाठीं अर्ज कर, असें त्यांनीं तिला उत्तेजन दिलें. तिनें अर्ज केला, वृत्ति मिळविली, आणि बाल्टिमोर येथें जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत जॉर्ज गे यांच्याकडे ती ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या, शिकली. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गांठींतील ज्या हेला पेशी आज जगभर वापरल्या जातात, त्या १९५१ सालीं याच गे यांच्या प्रयोगशाळेंत वाढल्या. कमलाबाई परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं ऊतिसंवर्धनाची या देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली. ती प्रयोगशाळा एका अर्जाचें फळ होती. शिष्येनें अर्ज करण्यांत ना खानोलकरांना कमीपणा वाटला ना तिला; दोघांनाहि त्यापलीकडचें काम दिसत होतें.

याच उदाहरणानें दुसऱ्याहि एका आक्षेपाचें उत्तर होतें. "हीं मुलें एकदां परदेशीं गेलीं कीं गेलीं, मग त्यांच्या अर्जांचें आम्हांला काय?" असें म्हणणारे गृहस्थ बहुधा आपल्या घरच्या मुलाला तिकडची नोकरी लागली कीं पेढे वांटतात, संशोधकाच्या बाबतींत मात्र त्यांना देश आठवतो. जे परत येत नाहींत ते पुष्कळ आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण परत येणाऱ्यांचेंहि माप घ्या. रोग्याच्याच रक्तांतील संरक्षक पेशी काढून, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखावयास शिकवून परत सोडण्याची जी उपचारपद्धति आहे, तींतील भारतांत घडविलेल्या पहिल्या औषधास ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी मान्यता मिळाली. तें मुंबईच्या आयआयटींत व टाटा मेमोरियलच्या सहकार्यानें तयार झालें, आणि त्याचे प्रमुख संशोधक अमेरिकेंत डॉक्टरेटोत्तर काम करून परत आलेले आहेत. शिवाय अर्ज परदेशासाठींच करावे लागतात असेंहि नाहीं. देशांतल्या देशांत एका प्रयोगशाळेंतून दुसरींत जाण्यासाठींहि फेलोशिप आहेत, आणि त्यांचें काय होतें तें पुढें सांगणारच आहों.

राहिला सोडतीचा आक्षेप. "हजारों अर्ज येतात, मूठभर निवडतात, ही निव्वळ लॉटरी आहे." या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. वर सांगितलेल्या क्युरी फेलोशिपच्या २०२४ च्या फेरींत १०,३६० अर्ज आले व १,६९६ मंजूर झाले. म्हणजे साधारण सहांतला एक. २०२५ च्या फेरींत अर्जांची संख्या एकदम १७,०५८ वर गेली. एवढ्या गर्दींत दोन तुल्यबळ अर्जांपैकीं एक निवडला जातो आणि दुसरा मागें राहतो तो कित्येक वेळां अर्ध्या गुणानें, आणि त्या अर्ध्या गुणामागें परीक्षकाचा थकवाहि असूं शकतो. मोठ्या प्रयोगशाळेचें नांव, आधीं छापलेला निबंध, इंग्रजीचा सराव, या गोष्टी पारडें झुकवितात. हें सर्व खरें धरूनहि आम्ही म्हणतों, कीं ही सोडत नव्हे. सोडतींत हरलेल्या तिकिटाचा कांहीं उपयोग नसतो. नाकारलेल्या अर्जाचा असतो. त्याच्यासाठीं केलेला विचार डोक्यांत राहतो, परीक्षकांचे शेरे हातीं येतात, आणि पुढचा अर्ज सुधारतो. त्या क्युरी फेलोशिपच्या २०२४ च्या फेरीला असाहि एक नियम होता, कीं शेंकडा ७० हून कमी गुण मिळालेला अर्ज पुढच्याच वर्षीं त्याच संस्थेमार्फत पुन्हा करतां येत नसे. म्हणजे कच्चा अर्ज घाईनें टाकून पाहणाऱ्यास त्याचें वर्ष भरून द्यावें लागे. सोडतीला असला नियम कोणी लावीत नाहीं. आणि आतां तर गुळगुळीत वाक्यें यंत्रेंहि जुळवून देऊं लागलीं आहेत. वाक्यें स्वस्त झालीं म्हणजे मोल उरतें तें प्रश्नाचें. ज्याच्याजवळ स्वतःचा प्रश्न आहे त्यानें या गर्दीला भिण्याचें कारण नाहीं.

येथवर आम्ही ती समजूत खोटी कशी हें दाखविलें. परंतु ती नुसती खोटी असती तर आम्ही एवढा कागद खर्ची घातला नसता. ती अपायकारक आहे, आणि तिचे अपाय तीन ठिकाणीं स्पष्ट दिसतात.

पहिला अपाय विद्यार्थ्याच्या ठिकाणीं. अर्ज म्हणजे याचना असें घरीं, शाळेंत, कॉलेजांत ऐकून वाढलेला मुलगा जेव्हां खरोखर अर्ज करावयास बसतो तेव्हां तो याचनाच करतो. फेलोशिपच्या अर्जापूर्वीं ज्या प्रयोगशाळेंत जावयाचें तिच्या प्रमुखास पत्र लिहावें लागतें. हें पत्र दहा ओळींचें असावें. त्यांत आपण काय केलें, त्यांच्या कोणत्या कामांतून आपल्याला कोणता प्रश्न सुचला आणि कोणत्या फेलोशिपसाठीं त्यांचा आश्रय हवा आहे, एवढेंच असावें. आमची मुलें काय लिहितात? आपण कष्टाळू व प्रामाणिक आहों, आपल्या थोर प्रयोगशाळेंत एक संधि कृपा करून द्यावी, आपण जन्मभर ऋणी राहूं, असा एकच मजकूर ते शंभर प्राध्यापकांना पाठवितात, आणि शंभरांपैकीं एकाचेंहि उत्तर आलें नाहीं म्हणजे जग निष्ठुर आहे असें म्हणतात. त्यांतला प्रश्नच नाहींसा झाला, उरली ती विनवणी. दुसरीकडे, ज्याला विनवणी नको वाटते तो मुलगा मुग्ध होतो. कारण स्वतःच्या कामाविषयीं बोलणें ही आत्मप्रौढी असें आपण त्याला शिकविलेलें असतें. आत्मस्तुति आणि आत्मपरिचय यांत भेद आहे. "मी बुद्धिमान आहें" ही स्तुति झाली. "अमुक प्रथिन काढून टाकल्यावर पेशी उपचारानें मरतात हें मी दाखविलें, तमुक मात्र मला दाखवितां आलें नाहीं" हा परिचय झाला. हा भेद आपण मुलांना कधीं शिकवितों?

दुसरा अपाय गुरूच्या ठिकाणीं, आणि तो आम्हांस सर्वांत लाजिरवाणा वाटतो. अर्ज ही याचना असेल तर शिफारसपत्र ही भिक्षा ठरते; आणि भिक्षा घालणारा ती कशी घालतो हें सर्वांच्या पाहण्यांत आहे. आमच्या भाचीनें आपल्या मार्गदर्शकांकडे शिफारसपत्र मागितलें. मुदतीला महिना होता. गृहस्थ म्हणाले, "तूंच मजकूर लिहून आण, मी सही करतों." ती पोर दोन रात्री कागद पुढें घेऊन बसली. स्वतःची स्तुति लिहावी तर हात धजेना, न लिहावी तर अर्ज बुडे. शेवटीं तिनें लिहिलें, कीं ही विद्यार्थिनी नियमित, कष्टाळू व मनमिळाऊ आहे. मुदतीच्या आदल्या संध्याकाळीं त्यावर सही झाली. ज्यांना शेंकडों अर्ज वाचावयाचे असतात त्यांच्या दृष्टीनें नियमित, कष्टाळू व मनमिळाऊ या तीन शब्दांचा अर्थ एवढाच होतो, कीं हिच्या बुद्धीविषयीं सांगण्यासारखें गुरूजवळ कांहीं नाहीं. हें एकट्या त्या गृहस्थांचें वर्तन असतें तर आम्ही तें घरांतच ठेवलें असतें. परंतु ही चाल आपल्या कित्येक संस्थांत इतकी रूढ आहे, कीं तिच्यांत कांहीं गैर आहे हेंच कोणाला सुचत नाहीं. आम्ही स्पष्ट विचारतों : सहा वर्षें ज्या विद्यार्थिनीनें तुमच्या प्रयोगशाळेंत रात्रीचे दिवस केले, तिच्याविषयीं दीड पान लिहिण्याइतकें तुम्हांला तिचें काम ठाऊक नाहीं काय? ठाऊक नसेल तर तुम्ही मार्गदर्शन कसलें केलें? ठाऊक असून लिहीत नसाल तर ज्या पत्रावर तिची पुढचीं पांच वर्षें अवलंबून आहेत तें तुम्ही तिच्याच हातून खोटें कां करवितां? शिष्यास स्वतःच्या नांवानें खोटें लिहावयास लावणें हा संशोधनाचा पहिला धडा होऊं शकत नाहीं. मोजमापांत फेरफार करूं नये असें ज्या तोंडानें सांगावयाचें त्याच तोंडानें "तूंच लिहून आण" म्हणावयाचें, हें आम्हांस तरी साधणार नाहीं.

तिसरा अपाय कचेरीच्या ठिकाणीं. वृत्ति ही ठेव असें जी कचेरी मानील ती पैसा ठरल्या तारखेस देईल. वृत्ति ही भिक्षा असें जी मानील ती म्हणेल, मिळतें आहे हेंच पुष्कळ. आमच्या माहितींतील एका तरुणास फेलोशिप मंजूर झाल्याचें पत्र आलें, त्यानें दुसऱ्या शहरांत बिऱ्हाड केलें, आणि पहिला पैसा हातीं आला तो सात महिन्यांनीं. चौकशी करावी तर तुमचा कागद पुढें गेला आहे, एवढेंच उत्तर. ज्या प्रयोगांत पेशींना ठरल्या वेळीं खाद्य द्यावें लागतें तो प्रयोग करणाऱ्याच्या स्वतःच्या अन्नाची वेळ मात्र कोणी ठरवीत नाहीं! तीच गोष्ट वयाच्या अटीची. आपल्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला ३५ वर्षांची मर्यादा आहे. स्त्रियांस व राखीव प्रवर्गांस पांच वर्षांची सवलत आहे. सवलत चांगली, पण मोजण्याचें मापच चुकलें आहे. क्युरी फेलोशिपच्या २०२४ च्या फेरींत वय विचारलें नाहीं, पीएच. डी. नंतर संशोधनांत गेलेलीं वर्षें मोजलीं, त्यांस आठ वर्षांची मर्यादा घातली, आणि आजारपण, बाळंतपण वगैरे कारणांनीं काम थांबलें असेल तर तीं वर्षें वजा केलीं. प्रश्न मनुष्याच्या कामाचा आहे, जन्मपत्रिकेचा नाहीं. वडिलांच्या आजारपणांत चार वर्षें नोकरी करून मग प्रयोगशाळेकडे वळलेला मुलगा आपल्या घराघरांतून आहे. त्याला दारावरूनच परत लावण्यांत राष्ट्राचें कोणतें हित साधतें?

आतां कोणी विचारील, कीं गुरु आणि कचेऱ्या यांना सुधारणें आमच्या हातीं आहे काय? तें नसेल; पण घर तर आपल्या हातीं आहे, आणि या समजुतीचें मूळ घरांतच आहे. आपल्या घरांतील मुलगा बँकेच्या परीक्षेस बसला तर आपण त्याच्या चहाची वेळ संभाळतों, स्पर्धापरीक्षेस बसला तर दोन-तीन वर्षें त्याला घरकाम सांगत नाहीं, आणि तो नापास झाला तरी "पुढच्या वेळीं होईल" म्हणतों. फेलोशिपचा अर्ज करणाऱ्या मुलीला मात्र "अजून किती शिकणार?" म्हणून विचारतों, आणि अर्ज नाकारला गेला कीं लग्नाचा विषय काढतों. तिच्या कामाची परीक्षा जगांतले जाणते लोक घेत आहेत हें आपल्या लक्षांतच येत नाहीं, कारण त्या परीक्षेला बैठक-क्रमांक नसतो आणि निकाल वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं. आमचें सांगणें फार नाहीं. तिला "पुढें काय?" विचारण्याऐवजीं "तुझा प्रश्न काय आहे?" असें विचारा. ती सांगेल, पहिल्यानें तें तुम्हांला कळणार नाहीं. मग ती सोपें करून सांगेल, आणि आपल्याच आईला वा काकांना कळेल असें सांगतां सांगतां तिचा अर्जहि सुधारेल. ज्याला घरांत आपला प्रश्न मांडतां आला त्याला परक्या समितीपुढें तो मांडण्याची भीति वाटत नाहीं.

आमच्या भाचीच्या तीन अर्जांपैकीं एक नाकारला गेला आहे. त्याच्या शेऱ्यांत परीक्षकांनीं लिहिलें, कीं प्रश्न महत्त्वाचा आहे, पण शिफारसपत्रांतून अर्जदाराची ओळख पटत नाहीं. दुसऱ्या दोन ठिकाणचे निकाल अद्याप यावयाचे आहेत. मधल्या काळांत तिनें चौथा अर्ज लिहावयास घेतला असून त्यासाठीं ती आपल्या मार्गदर्शकांकडे पुन्हा गेली. या वेळीं मजकूर लिहून न नेतां तिनें आपल्या कामाचा गोषवारा त्यांच्यापुढें ठेवला, आणि पत्र आपणच लिहावें अशी स्पष्ट विनंति केली. त्यांनीं अजून हो म्हटलेलें नाहीं, पण नाहींहि म्हटलेलें नाहीं. निकाल कांहींहि लागो. पुढच्या दिवाळींत मंडळी जमतील, तोच प्रश्न निघेल, आणि कोणी "हात पसरणें" हा शब्द काढलाच तर निदान आम्ही तरी गप्प बसणार नाहीं.